चार व्हीएम, एक गेम

न्हाय न्हाय, तो डबा खाली ठेव, तेजस्वी. आठ कोरचा मला चालत न्हाय — आल्या आल्या सांगितलं न्हवं तुला, चार व्हीएम एकदम चालाय पाहिजेत आणि वर गेम बी. एकदम म्हणजे एकदम. हे बंद करून ते चालू, ते बंद करून हे चालू, असली सोंगं नकोत मला. तू म्हणालाईस, आक्का, गेमला हाच चांगला, ह्याची कॅश मोठी — असंल की, मी कुठं न्हाय म्हणते? दोन महिने यूट्यूबवर तेच बघत बसलेय मी. पण चार व्हीएमना दोन-दोन कोर दिले की आठच्या आठ गेले, मग गेम काय माझ्या डोक्यावर चालवू? आणि तो निळ्या डब्यातला बी नको. मोठे कोर थोडे आणि बारके लई. कुणाला मोठ्या पाटावर बसवायचं आणि कुणाला बारक्या, ते बघण्यात निम्मा जन्म गेला माझा, आता मशीनमधी बी तेच बघू? सोळा कोरचा काढ. सगळे सारखे. आणि त्यात बी तो — ज्याच्या निम्म्या कोरांना जादा कॅश असती, निम्म्यांना नसती. हाय म्हणे तसला. हाय का न्हाय? बघ, हाय. मग मघापासनं हे बाकीचे डबे माझ्यासमोर का नाचवालाईस? पांढऱ्या केसांची बाई आली, हातात कापडी पिशवी, हिला काय कळतंय — असंच न्हवं?

बसते, बसते. पाणी नको, बसस्टँडवर प्याले. कशाला पाहिजेत म्हणतोस व्हीएम? तुला काय करायचं रं, तू विकणारा — बरं, सांगते, न्हायतर परत तो आठवाला डबा काढशील. साडीच्या डिझाइनचं काम हाय माझं. जुनं सॉफ्टवेअर, वीस वर्षांमागचं, ते जुन्या विंडोजवरच चालतंय, आजच्या मशीनवर घातलं तर उघडत बी न्हाय. मग काय करायचं? मशीनच्या पोटात दुसरं मशीन चालवायचं. त्या आतल्याला वाटतंय आपण जुनाच कम्प्युटर हाय, अजून ते साल सुरू हाय, काय बदललेलं न्हाय. लई भोळं असतंय बघ ते. एका व्हीएममधी जुनी नक्षी उघडायची, दुसऱ्यात तिचं नव्या जकार्ड मागाच्या भाषेत रूपांतर करायचं — ही झाली एक जोडी. अशा दोन जोड्या, म्हणजे चार. तीनशे चाळीस नक्षी हाईत. एका जोडीनं कामाला बसले तर लग्नसराई माझ्या डोळ्यांदेखत निघून जाईल. रचनाचा जुना लॅपटॉप हाय घरी, एक व्हीएम चालू केला की पंखा असा ओरडतोय की शेजारीण विचारती, ताई, गिरणी घातली काय.

व्हय, रचना, माझी लेक. बंगळूरला असती, तिचं कामच हे — अशी हजारभर मशीनं सांभाळती म्हणे, एक बी डोळ्यांनी न बघता. तिनंच शिकवलं मला. कोर म्हणजे काय, आई, तर माग समज. सोळा कोर म्हणजे सोळा माग. आणि कॅश म्हणजे विणणाऱ्याच्या हाताशी ठेवलेली कांड्यांची टोपली — टोपली मोठी असली की उठून आत जायला नको, हात तिथंच. एवढं सांगितलं आणि माझ्या डोक्यात असा उजेड पडला म्हणतोस! म्हणून तर सांगते, ज्या आठ मागांजवळ मोठी टोपली हाय ते गेमला बांधून द्यायचे, आणि उरलेले आठ चार व्हीएमना, दोन-दोन. बांधून देता येतंय, तू मला न्हाय म्हणू नको, मी करून बघितलंय लॅपटॉपवर. कुणी कुणाच्या मागावर हात घालायचा न्हाय. वाटणी अशी असाय पाहिजे.

गेम — गेम काय, आपला पोरांसाठी. सुट्टीला येतात की पोरं, जावेची, नणंदेची. ते जाऊ दे.

निपाणीत दुकानं न्हाईत का? हाईत की. कोल्हापूरला बी हाईत, उलट जवळ पडलं असतं. पण मी दीड तास बसमधी उभी राहून इथं शहापूरला तुझ्याकडंच आले, का आले? बघ, सरळच विचारते. किशनला तू दिवाळीनंतर नवीन मशीन दिलंस न्हवं? वडगावचा किशन. अण्णा म्हणतोस की तू त्याला. त्याला कुठला प्रोसेसर दिलास? — आठ कोरचा. हाच? ह्या डब्यातला? आता तर हा डबा माझ्या नजरेसमोर बी नको. त्याच्याकडं जो असंल त्याच्यापेक्षा माझा वरचा पाहिजे. दुप्पट पाहिजे. सोळा म्हणजे दुप्पटच झाले न्हवं? बास.

माझा भाऊ लागतोय तो. सख्खा. तुला म्हाईत न्हवतं? म्हाईत असायचं कारण बी न्हाय, त्याच्या तोंडात माझं नाव कधी आलंय? आमच्या आप्पांचं नाव ऐकलं असशील, नागोजी — वडगावात हातमागावर बसले, मग दोन यंत्रमाग घेतले, मग सहा. आमच्या घरचा एक काठ होता, चिंचपाकळी. चिंचेच्या फुलाची असती न्हवं, पिवळी आणि तांबडी रेघ, तशी. दुसऱ्या कुणाच्या घरात न्हाय. आणि घरचा नियम ठाऊक हाय का काय होता? काठ लेकीला दाखवायचा न्हाय. सुनेला दाखवायचा, तिला शिकवायचा, लेकीला न्हाय — लेक लग्न होऊन दुसऱ्या मागावर जाणार, नक्षी घेऊन जाणार. आप्पा आलेखाच्या कागदावर चौकोन भरत बसले की मला म्हणायचे, इंदू, चहा टाक. मी चहा टाकायची आणि कप ठेवताना तेवढ्यात बघून घ्यायची. एका कपात किती चौकोन बघून होतात सांग? चाळीस. मी मोजलेत. अशा चाळीस-चाळीसनं अख्खा काठ मी डोक्यात आणला, चौदाव्या वर्षी. कुणाला सांगितलं न्हाय. लग्न होऊन निपाणीला गेले ती तो काठ डोक्यात घेऊनच गेले, आणि तिथं तंबाखूच्या वखारीचा वास, बिड्यांची सुपं, मागाचं नाव न्हाय — तो काठ जायाचा कुठं? डोक्यातच राहिला.

मग आप्पांची नजर गेली. किशनला सरळ रेघ मारता येत न्हाय, आजच्या तारखेला बी येत न्हाय, तू विचार त्याला. तवा मी त्याच्या कानात सांगितलं, काठ येतोय मला; मग आठवण झाली आक्काची. जुना कम्प्युटर आणून ठेवला, आक्का, तू शनिवारी ये. गेले की. अकरा वर्षं, तेजस्वी, अकरा वर्षं दर शनिवारी निपाणीहून पहिली बस धरायची, वडगावात उतरायचं, संध्याकाळपर्यंत त्या खुर्चीत बसायचं, परत बस. आमचे मालक, रचनाचे वडील, होते तवा ते स्टँडवर न्यायला यायचे, ते गेले तवा एकटी. चिंचपाकळीच्याच मी तीस जाती केल्या. पदर केले, बुट्ट्या केल्या, कोल्हापूर-सांगलीचे व्यापारी दारात उभे असायचे. आणि आप्पा? आप्पा भिंतीला टेकून बसायचे आणि साडीवरनं हात फिरवायचे, डोळ्यांनी दिसत न्हवतं न्हवं. एकदा म्हणाले, किशना, हात बसला रं तुझा. मी तिथंच खुर्चीत होते. मी वाट बघितली. किशन काय म्हणाला सांगू? म्हणाला, व्हय आप्पा.

आप्पा गेले, आणि पुढच्याच वर्षी विणकर मंडळींनी सत्कार ठेवला. नक्षीकार म्हणून. शाल, फेटा, हार, बोर्डवर मराठीत नाव, कानडीत नाव, दोन्हीकडं किशनचं. मी तिसऱ्या ओळीत बसलते, माझ्याच चिंचपाकळीची साडी नेसून. टाळ्या वाजवल्या की मी बी! घरी आल्यावर म्हटलं, किशन, मला शाल नको, साडीच्या चिठ्ठीवर खाली बारक्या अक्षरात माझं नाव घाल — नक्षी, इंदुताई, एवढंच. बघू म्हणाला. पुढच्या शनिवारी गेले तर म्हणतोय, आक्का, आता वय झालं तुझं, बसची दगदग कशाला करतीस, डिझाइन सगळ्या कम्प्युटरात हाईत की. आणि त्याची बायको, जयाबाई, तिनं माझ्या हातात नारळ आणि ब्लाउजपीस ठेवला. ओटी भरून काढली मला! अकरा वर्षांची ओटी. त्या दिवशी स्टँडपर्यंत चालत गेले मी, रिक्षाला हात बी केला न्हाय, एवढा राग होता की पायाला काय कळत न्हवतं.

डिझाइन सगळ्या कम्प्युटरात हाईत. बरं. असू देत. मग गेल्या दसऱ्याला काय झालं? — तुला म्हाईतच हाय, त्यानं तो जळका डबा तुझ्याकडंच आणला असणार. खंडेनवमीला माग बंद, धुऊन पुसून, झेंडूच्या माळा, पूजा. दरसालचीच. यंदा जयाबाईच्या मनात आलं, माग पुजतो, मग कम्प्युटर का नको, आमची लक्ष्मी तर त्यातच हाय. हळद लावली, कुंकू लावलं, आणि नारळ फोडून सगळं पाणी वरच्या जाळीतनं आत! तांब्याभर. आणि किशननं काय करावं, तर तो चालू ठेवलेला — पडद्यावर देवीचा फोटो लावून! बंद असता तर वाळला बी असता. असा फाटकन आवाज झाला, देवी गेली, दिवे गेले, आणि गल्लीत सगळ्यांना वाटलं फटाका उडवला. हसालाईस? हस की. मी तर पदर तोंडात घालून हसले, जेवण गेलं न्हाय त्या दिवशी हसून. पेनड्राइव्हवर फायली होत्या त्याच्याकडं, व्हय, पण उघडायच्या कशात? ते सॉफ्टवेअर त्या मशीनलाच बांधलेलं. आता मागाच्या डब्यात भरून ठेवलेल्या सात नक्षी हाईत, दसऱ्यापासनं त्याच फिरवून फिरवून विणतोय. सातच साड्या. व्यापारी आता दारात उभं राहत न्हाईत, नुसतं फोनवर विचारतात, नवीन काय.

आणि माझ्याकडं सगळं हाय. अख्ख्याच्या अख्ख्या त्या कम्प्युटरची नक्कल, सॉफ्टवेअरच्या कुलपासकट. शेवटच्या शनिवारच्या आधी रचना घरी आलती, तिला घेऊन गेलते मामाकडं जेवायला. ते लोक आत पानं वाढत होते आणि ती बाहेर डिस्क जोडून बसलेली. चोरी? कसली चोरी रं? माझ्या हाताचं माझ्या घरी नेलं. आता बसवंतशी बोलून ठेवलंय, तुमच्या ह्या शहापुरातलाच, बारा मागवाला. तो माझी एक अट मानतोय, दुसरं काय मागितलंच न्हाय मी — प्रत्येक साडीच्या चिठ्ठीवर माझं नाव. बारक्या न्हाय, मोठ्या अक्षरात. अक्षय तृतीयेच्या आत तीनशे चाळीसच्या तीनशे चाळीस त्याच्या मागांवर चढल्या पाहिजेत, चिंचपाकळी सगळ्यात पहिली. किशनच्या दारावरनं जाताना लोकांच्या हातात पिशव्या दिसाय पाहिजेत. घरची नक्षी घराबाहेर गेली, आणि लेकच घेऊन गेली. आप्पांचं भय खरं करून दाखवते मी.

काय? — देवीच्या फोटोचं मला कोण सांगितलं? जयाबाई बोलली असंल की... न्हाय. न्हाय, दोन वर्षं आमचं बोलणं न्हाय, खरं हाय तुझं. गल्लीतल्या कुणीतरी — हे बघ, तू फार प्रश्न विचारतोस. त्यानंच सांगितलं. किशननंच. त्याला ठाऊक न्हाय की मी होते म्हणून.

आता सांगायलाच आलं. दार ओढून घे जरा, कुणी आलं तर मला लाज वाटंल. गेम पोरांसाठी न्हाय. मी खेळते. मी, व्हय, बावन्नाव्या वर्षी, बंदुकीचा गेम. बघ कसा बघालाईस! त्यानं एकदा व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला लावलं होतं, वडगाव किंग म्हणून, आज सोळा मारले. संध्याकाळी माग बंद झाले की बसतोय तो. म्हटलं, असं काय, किंग काय तू? रचनाला विचारलं, हा गेम कसा घालायचा. का आई? म्हटलं, घाल, वेळ जात न्हाय. मला एकदा, फक्त एकदा त्याला गोळी घालायची होती. पहिल्या दिवशी त्यानं मला अकरा वेळा मारलं. अकरा! चार महिने शिकले मी. भिंतीआड बसायचं कसं, पावलांचा आवाज ऐकायचा कसा. हुबळीची पोरं बरोबर असायची, ती बेगा बा, बेगा बा म्हणून घाई करायची, मी आपली हळूच. आणि एक दिवस पाण्याच्या टाकीमागनं किशन निवांत चाललाय — घातली. डोक्यात. दोन भाकऱ्या जादा खाल्ल्या त्या रात्री, आणि झोप अशी लागली की लग्नाआधी लागायची तशी.

मग त्यानंच दोस्तीचं बोलावणं पाठवलं. भारी खेळतोस रं, कुठला तू, कोल्हापूरचा काय. मी गड्याचं नाव घेतलेलं, लिहिलं, व्हय, कॉलेजात हाय. माइक बिघडलाय म्हणून सांगितलं, तो बोलतोय, मी लिहिते. दीड वर्ष झालं, रोज साडेसातला. शेजारी उभी राहून खेळते मी त्याच्या. का म्हणजे? समोरच्याला काय ऐकू येत न्हाय रं, बाजूच्याला सगळं ऐकू येतं. माग किती चालू, कुठला व्यापारी तुटला, जयाबाई काय म्हणाली — सगळं माझ्या कानात, आणि तिथनं बसवंतच्या कानात.

आणि एकदा... हे कुणाला बोलले न्हाय मी, रचनाला बी न्हाय. एकदा झाडीत लपून बसलतो दोघं, आणि तो म्हणाला, तुला बहीण हाय का रं? मी लिहिलं, न्हाय. म्हणाला, मला हाय. तिच्या हातात आमच्या बापाची नजर होती. सगळ्या नक्षी तिच्या. सत्काराला फेटा मी बांधला, पण ती तिसऱ्या ओळीत बसून टाळ्या वाजवत होती ते मला वरनं दिसत होतं. नाव घातलं असतं तर भावकी म्हणाली असती, पोरीच्या जिवावर माग चालवतोय — त्याला भ्यालो मी. असं म्हणाला. त्याच्या तोंडानं. समोरनं कोण आलं, मला मारलं, मला कळलं बी न्हाय. आणखी दोनदा काढला त्यानं तो विषय. मी काय लिहिणार? लिहिलं, व्हय का.

म्हणून तर दोन्ही एकदम पाहिजे, कळलं का तुला आता? तू विचारत होतास न्हवं, आक्का, दिवसा नक्षीचं काम करा, संध्याकाळी खेळा, स्वस्तात बसवून देतो. न्हाय. तो माझ्या शेजारी उभा राहून खेळत असंल, मला दोस्त म्हणत असंल, आणि त्याच वेळी, त्याच मशीनच्या पोटात त्याची एकेक नक्षी बसवंतसाठी उतरत असंल — ते मला बघायचंय. डाव्या पडद्यावर किशन, उजव्या पडद्यावर चिंचपाकळी. तेवढ्यासाठी सोळा कोर. म्हणून अडखळायला नको, म्हणून ग्राफिक कार्ड, म्हणून रॅम चौसष्ट, आणि हेडफोन चांगला, त्याचा आवाज स्वच्छ आला पाहिजे. आणि शेवटची नक्षी उतरली की माइक चालू करणार. किशन, मी इंदू बोलते. एवढंच बोलायचं आणि त्याचा श्वास ऐकायचा. लिही आता यादी.

— व्हय, रवळू. रवळू म्हणूनच खेळते, तर त्याचं काय?

थांब. रवळू हे नाव मी घेतलं का तुझ्यासमोर? गड्याचं नाव एवढंच म्हटलं मी. तुला कसं ठाऊक?

वर बघ. इकडं बघ, तेजस्वी. किशन आलता? कवा? — गेल्या आठवड्यात, हेडफोन घ्यायला. आणि काय म्हणाला? सगळं सांग, माझी शपथ हाय तुला, गाळू नको काय. ... आक्का खेळती माझ्याबरोबर. तिला वाटतंय मला कळलं न्हाय. ... असं म्हणाला. हसत म्हणाला, का कसा म्हणाला? — आठवत न्हाय म्हणे! आणि कवापासनं ठाऊक हाय त्याला? पहिल्याच महिन्यापासनं.

कशावरनं ओळखलं? — धागा तुटला. ... व्हय. लिहायची मी. नेट गेलं, परत आलं, की लिहायची, धागा तुटलता. जिभेवरच हाय ते, माग बंद पडला की आमच्यात तेच म्हणतात, आणखी काय म्हणणार? कोल्हापूरचा कॉलेजातला पोरगा असं लिहील का? मला एवढं सुचू नये. चाळीस-चाळीस चौकोन चोरले मी, कुणाला पत्ता न्हाय लागू दिला, आणि इथं —

म्हणजे ते झाडीतलं बोलणं. ते रवळूशी न्हवतं. माझ्याशीच होतं. डिस्क माझ्याकडं हाय हे त्याला दसऱ्यानंतर सुचलंच असणार, तो काय अगदीच हा न्हाय, आणि विषय काढला कवा? दसऱ्यानंतरच. तीनदाच्या तीनदा. देवीच्या फोटोचं बी मला हसवायला सांगितलं असंल. निपाणी काय लंडनला हाय का रं? दीड तासाची बस. माझ्या दारात येऊन, चप्पल काढून, आक्का चुकलं म्हणायला त्याला तोंड न्हाय, आणि बंदूक हातात घेऊन झाडीत बोलायला आलं? आणि मी खुळी! परक्या माणसाशी बोलतोय, परक्याला कोण कशाला खोटं सांगंल, म्हणून मी ते खरं धरलं. उराशी धरून बसले. तुला सांगते, बसवंतला परवा फोन करायचा होता ना मला, तो मी दोनदा पुढं ढकललाय. त्या बोलण्यापायी. म्हटलं, तीसेक नक्षी ठेवाव्यात किशनला. चिंचपाकळी तरी घरात राहू दे.

खरं बी असंल म्हणतोस. असंल की! मी न्हाय म्हणत न्हाय. बोलताना घसा भरलेला त्याचा, मी ऐकलाय, जन्मापासनं ऐकतेय त्याचा घसा. पण आता मला कसं कळायचं, सांग? तू सांग. तो आक्कासाठी बोलला का नक्षीसाठी बोलला? तिकडं आप्पांना व्हय म्हणाला तवा बी घसा असाच होता.

कार्ड काढ यादीतनं. ग्राफिक कार्ड रं, काढ. गेम नको मला. जादा कॅशवाला नको, सोळा कोरचा साधा असतोय न्हवं, तो घाल, पडद्यापुरतं चित्र दाखवायची सोय त्याच्या पोटातच हाय. हेडफोन खोड. रॅमला हात लावू नको, ती तेवढीच — उलट वाढव, चार न्हाय, सहा व्हीएम घालणार मी, गेमचे कोर मोकळे झाले की आता. तीन जोड्या. पाडव्यापर्यंतच संपवते सगळं. तू तोंड असं का केलाईस? तुझ्या काय बापाचं — जाऊ दे. तुझ्यावर कशाला.

न्हाय, त्याला काय निरोप न्हाय. लिही तू.